फुलपाखराच्या मागचं

महाल भागातल्या फोटो स्टुडिओत मी निगेटिव्हवर रिटचिंग, म्हणजे ब्रशनं डागडुजी करायचो. फोटो गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्सा मात्र आपल्याकडेच राहतो. गोविंदराव मास्तरांनी तर एकट्यानं माझं डोकं किश्श्यांनी भरून टाकलं!

मास्तर शाळेत सायन्स शिकवायचे. पुस्तकातली फुलपाखरं सगळी विलायती. "आपल्या गावचं एक तरी फोटोत दाखवीन," असं ते वर्गाला बोलून बसले. दिवाळीला रिटायर होणार, आणि लढाईमुळे फोटोच्या काचेच्या प्लेटा मिळेनाशा झालेल्या. त्यामुळे माणूस सदा अस्वस्थ! खुर्ची दिली तरी बसायचे नाहीत, स्टुडिओभर येरझारा.

मास्तरांनी स्वतः फोटो काढून आणलेली पहिली प्लेट धुतली. फोटो धरमपेठेतला; तिथं तेव्हा मोकळी रानंच होती. टणटणीच्या फुलावर फुलपाखरू झकास आलेलं, पण मागे कुंपण, वाळत घातलेलं धोतर आणि एक म्हैस! आमचे मालक नथ्थूजी प्लेट उजेडात धरून म्हणाले, "मास्तर, फोटो म्हशीचा घेतला, का फुलपाखराचा जी?"

मास्तर माझ्याकडे वळले. "मागचं सगळं पुसून टाक!"

मी दोन दिवस बसून बारीक ब्रशनं फुलपाखराभोवती रंग भरला. प्रिंटमध्ये म्हैस गेली, धोतर गेलं, पार्श्वभूमी पांढरीशुभ्र! पण ब्रशच्या नादात फुलपाखराच्या मिशाही गेल्या.

मास्तर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे न्हाव्याकडून आलं काय रे?"

नथ्थूजींना दया आली. त्यांनी स्टुडिओतला पडदाच काढून दिला. आम्ही तो टांग्यातून मास्तरांच्या अंगणात नेला आणि लिंबाच्या झुडपामागे बांधला. पडद्यावर राजवाडा रंगवलेला : खांब, जिना, झुंबर. नवरानवरीचे फोटो त्याच्यापुढेच निघायचे.

प्रिंट पाहून नथ्थूजी बोलले, "बाशिंग तेवढं बांधाचं राहून गेलं!"

मग नथ्थूजींनी युक्ती सांगितली. "भिंगाचं तोंड पुरं उघडा जी. मागचं आपोआप धूसर होते."

झालंही तसंच. मागचं सगळं धुक्यात विरघळलं, आणि त्याबरोबर फुलपाखराचा पलीकडचा पंखही! मास्तरांनी प्रिंट हेडमास्तरांना दाखवला. ते गंभीरपणे म्हणाले, "अर्धंच आहे. अर्ध्या वर्गाला दाखवा."

त्या दिवशी मास्तर स्टुडिओत आले ते थेट खिडकीशी जाऊन उभे राहिले. नथ्थूजींनी चहा मागवला, तो तसाच निवून गेला.

शेवटी एकच प्लेट उरली. सकाळीच मास्तरांच्या अंगणात कॅमेरा स्टँडवर लावला. मीही गेलो होतो, प्लेट माझ्या हातात. ओट्यावर मास्तरांच्या पत्नी, माई, तांदूळ निवडत होत्या. या फोटोंच्या भानगडीत त्या कधी पडल्या नव्हत्या. एकही प्रिंट त्यांनी हातात धरला नव्हता.

जांभळट पंखांचं मोठं फुलपाखरू लिंबाच्या झुडपावर उतरलं. मास्तर फोकस करायला कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली शिरले.

"अरे, दिसत नाही! गेलं कुठं?"

मी तोंड उघडणार, तोच माईंनी मला हातानं थांबवलं.

"हलू नका हो," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्याच डोक्यावर बसून राहिलं."

कापडाखालून मास्तरांनी दबक्या आवाजात विचारलं,

"मागे काय आहे?"

"काळं कापड. दुसरं काहीच नाही."

"पंख?"

"दोन्ही उघडे."

मास्तर तसेच वाकून उभे राहिले. हातसुद्धा हलवला नाही.

"कसं दिसून राहिलं?"

प्लेट माझ्या हातातच राहिली. माईंनी सूप खाली ठेवलं. ओट्यावरून उतरून त्या पावलं न वाजवता जवळ गेल्या, आणि सांगू लागल्या.