वाळूत भाजलेले मणी

लेकीच्या मंगळसूत्रातले काळे मणी आमच्याकडचे, हा हक्क मी विहीणबाईंशी वाद घालून मिळवला होता. पुण्याहून फोनवर त्या म्हणाल्या होत्या, "कोलकात्यात काळे मणी कुठले मिळायला? तिथे बायका शंखाच्या बांगड्या घालतात." ज्या शहरात मी फुटपाथवर चादर अंथरून धंदा सुरू केला आणि पुढे दुकान उभं केलं, त्या शहराबद्दल हे ऐकून घेणं मला जमलं नाही.

एस्प्लनेडच्या एका मणीवाल्याकडे हवे तसे बारीक मणी निघाले. मी सवयीने भाव पाडायला लागलो. अर्ध्या तासाने त्याने सर माझ्या हातातून काढून घेतला आणि बंगालीत म्हणाला, "दादा, एवढे महाग वाटतात तर घरी करा."

म्हणून घरी करायला घेतले. गॅसचा टॉर्च आणला, काळ्या काचेच्या कांड्या आणल्या. पोलादी तारेला मातीचा लेप द्यायचा आणि कांडी ज्योतीत वितळवून त्या तारेभोवती गुंडाळायची. बाल्कनीत मी काळा चष्मा लावून बसलो की समोरच्या इमारतीतले लोक खुर्च्या मांडत. मणी छान व्हायचा आणि गार होताना तडकायचा. तो हळूहळू गार व्हायला हवा, हे उशिरा कळलं. मग चुरमुरे भाजणाऱ्याशी घासाघीस करून त्याची वाळू आणली, पुरणाच्या कढईत तापवली आणि तिच्यात मणी पुरले.

"अहो, मीठ घालू का?" बायकोने विचारलं.

पंधरा दिवसांत दोनच मणी शाबूत निघाले, तेही बोराएवढे. लेकीने एक गळ्याशी धरून पाहिला. "बाबा, हा घातला तर लोक विचारतील, हिला कोणाची दृष्ट लागलीय."

लग्न आठवड्यावर आलं होतं. दोन्ही मणी घेऊन मी त्याच मणीवाल्याकडे गेलो आणि त्याच्या काउंटरवर आपटले. त्याने भिंग काढलं. एका मण्याला वाळूचा कण चिकटला होता. त्याला तो चांदणी म्हणाला आणि मी ओळखलं, गिऱ्हाईक सापडलं. दोन मणी त्याला देऊन दोन पदर भरतील एवढे बारीक मणी उचलून आणले.

लग्नात विहीणबाईंनी ते निरखले. "छान आहेत हो. कुठले?"

"कोलकात्याचे," मी म्हणालो. घरचे म्हणता आलं नाही, ते अजून सलतं.

माझे दोन्ही मणी आता त्याच्या काचेच्या कपाटात मखमलीवर बसले आहेत. दर शनिवारी जाऊन मी निदान चांदणीवाला तरी विकत मागतो. तो भाव जराही उतरवत नाही.

"दादा," तो मला समजावतो, "हाताचं काम आहे."