दसऱ्याला बंद केलेला सर्व्हर

शिरूरहून सणसवाडीच्या कारखान्यात येणाऱ्या सुलक्षणानं साहेबांना मोठ्या तोंडानं सांगितलं होतं, की सुट्या भागांची कागदी ड्रॉइंग आता ठेवूच नका, प्रत्येक मशीनजवळच्या कॉम्प्युटरवर दिसतील. त्यासाठी तिनं जावास्क्रिप्टमध्ये छोटासा सर्व्हर लिहिला. फाइल मागितली की फोल्डरमधून काढून द्यायची, बस्स, एवढंच त्याचं काम. कागद रद्दीत गेले, आणि साहेब म्हणाले, दिवाळीच्या आत तुला कायम करतो. ते साल २००९. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र प्रत्येक पडद्यावर एकच ओळ आली, फाइल सापडली नाही. ड्रॉइंगशिवाय काम होईना, मशीनं थांबली.

दसऱ्याला कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांना विश्रांती आणि हळदकुंकू. स्टोअरमधल्या हरिबामामांनी सर्व्हरचा कॉम्प्युटरही बंद केला, पुसला, झेंडूची माळ घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सुरू केला सुलक्षणानंच, पण खापर फोडायला ती पूजा बरी सापडली.

“आत कुंकू गेलं असणार,” फोरमन म्हणाला.

साहेबांनी हरिबांना सगळ्यांसमोर झापलं. “मशीन बिघडलं असेल, तर उद्यापासून येऊ नका.”

सुलक्षणा खाली मान घालून तपासत राहिली. सर्व्हर उत्तर देतोय, म्हणजे केबल ठीक. ड्रॉइंगही फोल्डरमध्ये जागच्या जागी. मग हा बाबा शोधतोय तरी कुठं? तिनं एक ओळ वाढवली, फाइल कुठं शोधतोस ते लिहून दाखव. उत्तर तिनं दोनदा वाचलं. तो भलत्याच फोल्डरमध्ये चाचपडत होता. फोल्डरचा पूर्ण पत्ता तिनं लिहिलाच नव्हता. ज्या फोल्डरमधून सुरू करावं, तिथंच तो शोधायचा. एरवी ती आधी ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये जाई, मग त्याला सुरू करी. आज गडबडीत तसाच सुरू केला.

पत्ता लिहायला कितीसा वेळ लागणार? ड्रॉइंग दिसू लागली, मशीनं पुन्हा धडधडू लागली.

“निघालं का कुंकू?” साहेबांनी विचारलं.

तिला हो म्हणायचा मोह झाला. नुसती मान हलवली असती तरी नोकरी पक्की होती. पण दारात हरिबा हात बांधून उभे होते.

“कुंकू नव्हतं, साहेब. मीच कच्चं लिहिलं होतं. मामांचा काही दोष नाही.”

साहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “मग तुझं कायम व्हायचं मार्चनंतर बघू,” म्हणाले आणि निघून गेले.

सुलक्षणाला रडू आवरेना. हरिबा जवळ आले, जरा घुटमळले.

“पोरी, म्हंजी मला उद्या यायचं हाय ना? घरी काय सांगावं, सकाळधरनं त्याच घोरात व्हतो.”

“यायचंय, मामा,” ती म्हणाली. तेव्हा कुठं त्यांनी जेवणाचा डबा उघडला.