मित्रा आणि पेशींवरची साखर

मित्रा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोणारच्या एसटी स्टँडवर होते. मेहकर रस्त्यावर ट्रकनं तिची स्कूटी फरफटत नेली होती... दवाखान्यात चादर बाजूला केली, तेव्हा तिची आई रडली नाही. रक्तानं चिकटलेले लेकीचे केस बोटांनी सोडवत राहिली.

बीबी गावच्या शाळेत मी अन् मित्रा एका बाकावर होतो. पुढे ती डॉक्टर झाली, मग कर्करोगाच्या संशोधनात शिरली. रक्ताचे नमुने गोळा करायला ती गावोगाव फिरायची. बोंडअळीनं बीटी कापूस पोखरला त्या वर्षी जवळच्याच एका गावात मी तिच्यासोबत होते. माणसं आधीच पेटलेली होती. पांढरा कोट अन् थंड पेटी पाहून कुणीतरी ओरडलं, बियाण्याच्या कंपनीची बाई आली. लोकांनी पेटी आपटली, नळ्या पायांखाली फोडल्या. मित्रा काचा वेचायला वाकली, तिला लाथ बसली. मी तिला ओढत होते, तेवढ्यात दगड आला. तिचा डावा डोळा गेला.

तरी रविवारी बीबीच्या घरी बायकांना तपासणं तिनं सोडलं नाही. एका रविवारी गणपत नावाचा माणूस बायकोला, सरलाला, घेऊन आला. दारातच थबकला.

"मले ओळखलं का, मॅडम?"

"हो. दगड तुम्हीच मारला होता. बाईले आत आना."

तो उंबऱ्यावरच बसून हुंदके देऊ लागला. आत मित्रानं सरलाच्या छातीतली गाठ तपासली, मुंबईला जायला सांगितलं. सरलानं भीत भीत विचारलं, गोड खाऊन झालं का हे? मित्रा हसली. ती साखर वेगळी, म्हणाली. प्रत्येक पेशीच्या प्रथिनांवर साखरेची झालर असते. कर्करोगाची पेशी ती झालर बदलते. मग शरीराचे पहारेकरी तिला घरचीच समजून सोडून देतात, अन् ती सुटून भलतीकडे रुजते. ती बदललेली साखर वेळेवर ओळखता यावी, एवढ्यासाठी मित्रा उरलेल्या डोळ्यानं सूक्ष्मदर्शकाला चिकटलेली असायची.

सरला वाचली. मित्राला खांदा द्यायला गणपत पुढे आला, तेव्हा तिच्या भावानं त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं. गणपतनं हात उचलला नाही. मित्राचे वडील मध्ये पडले. तिनं त्याले घरात घेतलं होतं, एवढंच म्हणाले, अन् भावाची मूठ सुटली.

परवा मी मित्राच्या आईंजवळ बसले होते. सरला आली, दारात उभी राहिली. आईंनी सवयीनं आत वळून हाक मारली, "मित्रा, बाई आली वं तपासायले..."