माईंचं अंगण आणि गांडुळं

गांडुळं पाळणाऱ्यांकडे किस्से साठतातच. ती मातीत दिसत नाहीत, मग आपण एकमेकांना त्यांच्याबद्दल सांगत बसतो. आमच्या गल्लीत आम्ही तिघं आहोत. मी, पोफळीच्या वीजघरातून रिटायर झालेला फिटर. समोरचे नाना, जहाजावरचे माजी कुक. आणि शेजारच्या माई, ज्यांच्यामुळे हे सगळं सुरू झालं.

रत्नागिरीत घर कातळावर असलं की अंगणात वीतभर लाल माती, आणि तीही उन्हाळ्यात विटेसारखी टणक. माईंचा मुलगा संजय मुंबईहून आला आणि म्हणाला, उगवत काही नाही, चिखल मात्र घरात येतो, पेव्हर ब्लॉक टाकून घेऊ. माईंना काही झालं तरी अंगण झाकायचं नव्हतं. माती सुधारून दाखवते म्हणून त्यांनी एक वर्ष मागून घेतलं. पुढच्या दिवाळीत बघायचं ठरलं.

मी पाण्याची जुनी टाकी कापून, तळाला भोकं पाडून गांडूळखताची पेटी करून दिली. गांडुळं आणायला भाट्याला ओळखीच्या बागायतदाराकडे गेलो, पोचेपर्यंत दिवे लागले. तो डबा भरायला उठला, तर त्याची बायको आडवी आली.

"तिन्हीसांजेचं विरजण नाय देत कोण. सकाळी या."

मी म्हटलं, वहिनी, ही गांडुळं आहेत.

"मग? त्यांच्यावरच पुढचं लागतं ना?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा खाडीचा पूल ओलांडून गेलो.

पहिला घोटाळा खुद्द माईंनी केला. घरात सोलकढी रोजची, त्यामुळे पिळून उरलेली आमसुलंही रोज पेटीत. आठव्या दिवशी गांडुळं टाकीची भिंत चढून पडवीत निघाली. माईंना वाटलं, हवा खायला आली असतील. त्या सुपलीत गोळा करून परत सोडत होत्या आणि ती परत वर येत होती. मी पेटीत हात घातला तर आंबट वास. गांडुळांना आंबट सोसत नाही, असं सांगितल्यावर माई खजील झाल्या. आम्ही आमसुलं वेचून काढली, अंड्याच्या कवचांची पूड भुरभुरली.

"मला वाटलं पित्ताला बरं," माई म्हणाल्या.

नानांचं दुखणं वेगळं. भाजीची सालं आणि चहाचा चोथा यांवर कुणी जगू शकतं, हेच त्यांना पटेना. माई देवळात गेल्याचं बघून त्यांनी पेटीत बांगड्याची मुंडकी पुरली. संध्याकाळी झाकण बाजूला आणि आत तीन मांजरं! वास चार दिवस हटला नाही. मी चिडलो. नाना शांतपणे म्हणाले, "तीस वर्षं जहाजावर रांधलंय मी. मी असताना कोण उपाशी नाय राहिला." मग स्वतःच जुन्या जाळ्याचं घट्ट झाकण करून आणलं, तेव्हा माझा राग गेला.

गणपतीत निर्माल्याचा प्रश्न आला. देवाची फुलं गांडुळांना घालावीत की नाही, यावर माई दोन दिवस अडल्या. शेवटी पूजेला आलेल्या भटजींनाच विचारलं. त्यांनी बराच विचार केला.

"फुलं चालतील. दोरा तेवढा काढा."

खत होईल तसं माई अंगणात मिसळत होत्या, वर सुक्या पानांचं पांघरूण घालत होत्या. दिवाळीला संजय आला तो गवंड्याला घेऊनच. माई दारात उभ्या राहिल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

संजयने टेप धरली. गवंड्याने पहार मारली, ती वीतभर सरळ आत गेली. तो खाली बसला, मूठभर माती उचलून तिचा वास घेतला आणि म्हणाला की ब्लॉक टाकायचे तर ही सगळी काढावी लागेल. संजय म्हणाला, काढा.

गवंडी माईंकडे वळला. "काकी, फेकणार असाल तर मला द्या. माझंपण घर कातळावरच हाय."

"ने की," माई म्हणाल्या. "पण गांडुळं माझी आहेत. ती वेचून इथं ठेव."

गवंडी घमेलंभर माती पुढ्यात घेऊन वेचायला बसला. थोड्या वेळाने संजयही समोर मांडी घालून बसला. दोन वाजता माईंनी जेवायला हाक मारली, तेव्हा पहिलंच घमेलं अर्धं वेचून झालं होतं.

गवंडी म्हणाला, "दादा, ह्यात दिवाळी जाईल."

संजयने बोटावरचं गांडूळ अलगद मातीवर ठेवलं. "जाऊ दे," तो म्हणाला.