अक्कांचा हात

अक्कांच्या तीन ट्यूब नेहमी एकाच रंगाच्या यायच्या. प्रयोगशाळेत कोणतंही मोजमाप एकदा करून भागत नाही, एकाच वेळी तीन ट्यूब लावाव्या लागतात. पेंढ्यातून साखर किती सुटली ते आम्ही मोजत असू. ट्यूबमध्ये एक पिवळं रसायन घालून उकळलं की साखर असेल तसं ते नारिंगी, मग विटकरी होत जाई. आमची एक ट्यूब गडद यायची, एक फिकी, आणि आम्ही सरासरी काढून मोकळे व्हायचो. अक्कांच्या तिन्ही ट्यूब खिडकीच्या उजेडात धरल्या तरी फरक दिसत नसे. कामावर नवीन कोणी आलं की त्यांच्या ट्यूब दाखवायची आमच्याकडे पद्धतच पडली होती. मलाही पहिल्याच दिवशी दाखवल्या.

मी नागपूरहून बेंगळुरूला आलेली, मारतहळ्ळीला एका पीजीत राहणारी. महादेवपुऱ्यात एका छोट्या कंपनीत नोकरी लागली होती. आजूबाजूला सगळी आयटीची काचेची ऑफिसं आणि मध्ये आमची दुमजली इमारत, तीत बुरशी वाढवायच्या खोल्या. अक्का तिथं सगळ्यात जुन्या. त्यांचं घराणं तीन पिढ्या बेंगळुरूत, वडील सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. अक्कांनी लग्न केलं नव्हतं. घरी मराठी बोलत, पण त्या मराठीत कन्नड इतकं मुरलं होतं की पहिला महिनाभर मी अर्धंच समजून मान हलवत असे. ‘स्वल्प थांब’ म्हणजे थांबायचं आणि ‘सरी’ म्हणजे विषय संपला, एवढं लवकर कळलं. डायरेक्टरांपासून सफाईवाल्या बाईंपर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत.

कामाबद्दल विचारलं तर त्या फार सोपं करून सांगत. "बुरशीला तोंड नाही. ती आधी बाहेर पचवते, मग खाते. आपल्याला तिचं फक्त पोट पाहिजे." लाकूड असो की पेंढा, बुरशी त्यावर आपली प्रथिनं सोडते आणि त्या प्रथिनांनी कडक धागे तुटून साखर सुटते. ती साखर आंबवून इंधन करता येतं. अडचण एकच होती. मोठ्या टाकीत पेंढ्याचा लगदा गरम ठेवावा लागतो आणि त्या उष्णतेत बुरशीचं प्रथिन तासाभरात विस्कटून जातं. प्रथिन म्हणजे मण्यांची लांब, घडी घातलेली माळ. तिच्यातला नेमका मणी बदलला तर घडी घट्ट बसते आणि उष्णता सोसते. कोणता मणी, हे मात्र करून बघितल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक बदललेल्या प्रथिनाला आम्ही नंबर देत असू. एकेका नंबरामागे कित्येक आठवडे जायचे, म्हणून बरेच नंबर एकदम चालू असत.

पेंढा आणायला अक्का स्वतः जात. होसकोट्याच्या पुढे एका बाईंचं शेत होतं, तिथलं रागीचं, म्हणजे नाचणीचं, काड त्यांना पसंत होतं. एकदा मला बरोबर नेलं. या काडाचं तुम्ही करता काय, असं त्या शेतकरीण बाईंनी विचारलं. गाय पोटात करते ते आम्ही स्टीलच्या भांड्यात करतो, असं अक्कांनी कन्नडमध्ये सांगितलं. बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, मग एक गायच का नाही पाळत, दूध तरी मिळेल. अक्का परतीच्या वाटेवर हसत होत्या. पुढे मीटिंगमध्ये डायरेक्टर फार मोठ्या गप्पा मारायला लागले की त्या हळूच मला म्हणत, "गाय पाळायची की."

प्रयोगांच्या वहीच्या बाबतीत त्या कडक होत्या. मी एकदा एक विचित्र रीडिंग पांढऱ्या शाईनं पुसून टाकलं. माझ्याच हातून काहीतरी चुकलं असणार, असं मला वाटलं होतं. अक्कांनी नखानं ती शाई खरवडून आकडा वाचला. म्हणाल्या, चुकलं असेल तर एक रेघ मार, पण खालचा आकडा दिसला पाहिजे. तू आज चूक म्हणतेस, उद्या कोणाला तरी तोच आकडा लागेल. त्या रागावल्या नव्हत्या, पण मला घरी जाईपर्यंत लाज वाटत राहिली.

मला तिथं येऊन तिसरं वर्ष चालू असताना अक्कांच्या ट्यूब एकमेकींहून वेगळ्या यायला लागल्या. आधी किंचित, मग डोळ्याला दिसेल एवढ्या. त्यांनी पहिला संशय थेंब मोजून घ्यायच्या पिपेटवर घेतला. ते तपासायला पाठवलं, ठीक असल्याचा दाखला घेऊन परत आलं. मग ट्यूब गरम ठेवायच्या वॉटर बाथचं तापमान तपासलं, पेंढा पुन्हा दळला, रसायन नव्यानं बनवलं. फरक तसाच राहिला. एका सकाळी त्यांनी मला बोलावून एकाच बाटलीतून बारा ट्यूब लावायला सांगितलं आणि शेजारच्या टेबलावर स्वतः बारा लावल्या. कशासाठी, ते सांगितलं नाही. दुपारी दोन्हींचे आकडे एका कागदावर लिहून माझ्यासमोर ठेवले. माझे बारा एकमेकांच्या जवळ होते. त्यांचे कागदभर पसरलेले होते.

थकवा असेल, झोप कमी झाली असेल, असं काहीतरी मी बोलत राहिले. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं.

"पिपेट बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मी बरोबर नाही."

त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. अंगठा हलत होता, अगदी थोडा, चालू शिलाई मशीनवर ठेवलेल्या वस्तूसारखा. मी तो कंप आधी पाहिला होता. वय झालं असेल, असं समजून पाहिलं न पाहिलंसं केलं होतं. आजही त्याची मला टोचणी आहे.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. अक्कांनी तो दुसऱ्या दिवशी डायरेक्टरांना सांगितला आणि त्याच बैठकीत दुसरी गोष्टही सांगितली: गेल्या चार महिन्यांतली त्यांची सगळी रीडिंग पुन्हा घ्यायची. डायरेक्टर मूळचे पुण्याचे, माणूस वाईट नव्हता, पण त्यांचा चेहरा उतरला. कारण याच चार महिन्यांत सत्तावीस नंबरचं प्रथिन सगळ्यात चांगलं ठरवून आम्ही ग्राहक कंपनीला कळवलं होतं आणि त्यावर पुढचं सगळं ठरलं होतं. ते म्हणाले, कोणी विचारलेलं नाही, सरासरी तर बरोबरच असेल, कशाला उकरायचं. अक्का म्हणाल्या, "सर, विचारल्यावर सांगायचं असेल तर ते आत्ताच सांगू की."

आधी पास केलेल्या नंबरांची रीडिंग मी घेतली. सहा आठवडे लागले. अक्का शेजारच्या स्टुलावर हात अॅप्रनच्या खिशात घालून बसत आणि बघत. सत्तावीस नंबर मूळ प्रथिनाहून चांगला निघाला नाही. डायरेक्टरांनी ग्राहकाला तसं पत्र लिहिलं. तिकडून काम थांबवल्याचं उत्तर आलं. त्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर कोणी अक्कांशी फारसं बोललं नाही. मीही त्यात होते. नोकरी जाईल ही भीती मला होती, आणि हे सगळं त्यांनी ओढवून घेतलं, असंही एक दिवस मनात येऊन गेलं.

पण यादी संपली नव्हती. अक्कांनी ठरवल्याप्रमाणे, नापास केलेले नंबरही पुन्हा बघायचे होते. एकोणिसावा नंबर त्यांनी त्याच काळात रद्द केला होता, कारण त्याच्या तीन ट्यूब एकमेकींशी जुळत नव्हत्या. मी तो लावला. तासाभरानं साखर सुटत होती, तीन तासांनी सुटत होती, दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहिलं तरी सुटतच होती. मी अक्कांना हाक मारली. त्यांनी ट्यूबांकडे पाहिलं आणि माझ्या मागे लागून तेच आणखी तीन वेळा करवून घेतलं. मगच डायरेक्टरांना बोलावू दिलं. काही महिन्यांनी थांबलेलं काम पुन्हा सुरू झालं, ते एकोणीस नंबरवर.

त्यानंतर त्या आमच्यात दीड वर्ष होत्या. पिपेटला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. कोणता मणी बदलायचा ते त्या ठरवत, मी लावत असे. आमचं चांगलं जमलं, पण ते सोपं नव्हतं. कॉफी आणताना मी त्यांचा कप अर्धाच भरायला लागले होते. आठवडाभर त्या काही बोलल्या नाहीत. मग एक दिवस कप तसाच परत केला. म्हणाल्या, "पूर्ण भर. सांडली तर मी पुसेन." मी भरून आणला. थोडी सांडली, त्यांनी पुसली. त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता आणि बाथरूममध्ये जाऊन मी रडलेही.

पुढे जिना चढणं जड व्हायला लागलं तेव्हा त्या म्हैसूरला भावाकडे राहायला गेल्या. निरोप समारंभ नको म्हणाल्या. शेवटच्या दिवशी प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन त्यांनी चालू प्रयोग विचारला, माझ्या टेबलापाशी जरा जास्त वेळ थांबल्या, आणि कॅबमध्ये बसून गेल्या.

गेल्या वर्षी एकोणीस नंबरच्या पेटंटचा अर्ज तयार झाला. त्यावर अक्कांची सही हवी होती. मी कागद घेऊन म्हैसूरला गेले. त्या बारीक झाल्या होत्या, आवाज हळू झाला होता. आधी मोठ्या टाकीचं काय झालं ते विचारलं. चांगलं चाललंय, मी म्हणाले. "ते नको. बिघडलं काय ते सांग," त्या म्हणाल्या. मग मी फेस वर येऊन टाकी कशी उतू गेली आणि डायरेक्टरांचे बूट कसे भिजले ते सांगितलं. त्या पोटभर हसल्या. सहीला बराच वेळ लागला. मी कागद धरायला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला केला. अक्षरं मुंगीएवढी आली, शेवटची तर वाचताच येत नव्हती.

वकिलांच्या ऑफिसातून चार दिवसांनी फोन आला. ही सही जुन्या कागदांवरच्या सहीशी जुळत नाही, खुलासा हवा. मी अक्कांना फोन लावला आणि कसं सांगावं ते न कळून अडखळत सांगितलं.



"हात बदललाय, बाई तीच आहे," अक्का म्हणाल्या. "तू समोर होतीस. लिहून दे की."

मी तसंच लिहून दिलं. वकिलांनी ते कायद्याच्या भाषेत बसवलं आणि त्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही घेतली.