मोटार सुरू न होण्याची कारणे

मी, माधव ग्यानोबा सूर्यवंशी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. लातुरात औसा रस्त्यावर इस्माईलभाई आणि मी भागीदारीत गॅरेज चालवले. हात त्यांचे, वाचन माझे. शाळा मी चौथीनंतर पाहिली नाही. इंजिनाची इंग्रजी पुस्तके मात्र शब्दकोश शेजारी ठेवून पूर्ण केली. गॅरेजात जुने प्लग जसे कोणी मुद्दाम न साठवता साठतात, तसेच किस्सेही साठतात. त्यांतील काही येथे सादर करतो.

*

भूकंपानंतर लोक छताखाली झोपेनासे झाले. ज्यांच्याकडे मोटार होती, ते मोटारीत झोपत. उदगीरचे एक आडते त्या काळात वारंवार गॅरेजात येत. तक्रार एकच : "रात्री गाडी ठणठणीत अन् सकाळी मेलेली! भूकंपानं इंजिन हाललं बघा!"

इस्माईलभाईंचा नियम असा, की मालकाची पूर्ण हकीकत ऐकल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. त्यांनी विचारले, "शेठ, रात्री गाडीत काय करता?"

"करणार काय? धक्क्याच्या बातम्या येतात, म्हणून रेडिओ चालू ठेवून झोपतो."

"मग बरोबर हाय! तुम्ही झोपता अन् ती रात्रभर बातम्या ऐकत बसते. सकाळी कशी उठंल?"

बॅटरी पार उतरली होती!

*

आडत्यांना हसणाऱ्या इस्माईलभाईंच्या घरीही तीच परिस्थिती होती. त्यांची मुलगी शबाना बारावीला होती. पत्र्याखाली ती बसे. स्लॅब दिसला की, मग तो स्वतःच्या घराचा का असेना, पाय मागे घेई. अंगणात दुरुस्तीला आलेल्या मोटारीच्या मागच्या सीटवर तिचा अभ्यास चाले आणि तेथेच झोपही.

एकदा कंधारचे एक पाटील आपली जीप न्यायला आले. आत वह्या, कंदील आणि मुलगी पाहून गरजले, "इस्माईल, माझ्या जीपचं काय करून राहिला रे?"

"पाटील, तुमची जीप फिजिक्स करून राहिली!"

पाटलांनी आत डोकावून विचारले, "कितवा धडा?"

"शेवटून दुसरा," शबाना म्हणाली.

"मग परवा येतो," म्हणून पाटील एस.टी.ने परत गेले!

*

लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते. शबाना ज्या सरांकडे जाई, त्यांचा वर्ग सुदैवाने पत्र्याच्या शेडमध्ये भरे. सरांच्या मोटारीचा स्टार्टर मोडलेला. मी त्यांना रस्त्यात अडवून म्हणालो, "सर, स्टार्टरविना मोटार चालवणे शास्त्राला धरून नाही. आपली मोटार सुरू तरी कशी होते?"

"बॅच सुटली की होते!" सर म्हणाले.

खरोखरच, रोज संध्याकाळी अख्खी बॅच मोटार ढकलत चौकापर्यंत नेई. बारावीची परीक्षा संपली, मुले गावोगाव पांगली आणि दुसऱ्याच दिवशी सर घामाघूम होऊन गॅरेजात हजर! "सूर्यवंशी, बसवा तो स्टार्टर. नवीन ॲडमिशन जूनशिवाय होत न्हाईत!"

*

उमरीच्या एका गिऱ्हाइकाची मोटार सुरू होत नव्हती. मी पुस्तक उघडून क्रमाने वाचत होतो : बॅटरी, तारा, कॉइल, पॉइंट. इस्माईलभाई एकेक तपासत होते. दुपार टळली. शेवटी ते म्हणाले, "माधवराव, तुमच्या पुस्तकात पेट्रोलचं काही लिहिलंय का?"

टाकी कोरडी होती! काटा मात्र अर्ध्यावर अडकलेला.

पेट्रोलचा उल्लेख पुस्तकात पहिल्याच पानावर होता. ते पान उंदराने खाल्ले होते, यात लेखकाचा दोष नाही, हे येथे नमूद करतो.

*

शबानाची प्रवेश परीक्षा नांदेडला होती. ती चुकली, तर डॉक्टर होण्याचे तिचे स्वप्न तेथेच संपणार होते. गॅरेजच्या जुन्या मोटारीतून आम्ही तिघे गेलो. केंद्र निघाले दुमजली, वर स्लॅब! शबाना मोटारीतून उतरेना.

"अब्बा, मला न्हाई जमणार. घरी चला."

इस्माईलभाई उतरले, बॉनेट उघडून पाण्याची पातळी पाहिली, परत येऊन बसले आणि किल्ली फिरवली. इंजिन फिरे, पण पेट घेईना!

मी तत्काळ खाली उतरलो. बॅटरी उत्तम. पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येत होते. प्लगची तार काढून पाहिली, तर ठिणगी नाही! मी डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडणार, तोच इस्माईलभाईंनी माझा हात धरला. "ते मी बघतो."

आतून शबाना ओरडली, "अब्बा, खरंच बंद पडली?"

"माझ्यावर भरवसा न्हाई? माधवकाकांना विचार. ते कधी खोटं बोलत न्हाईत."

"काका?"

"ठिणगी नाही, बेटा," मी सांगितले. ते शंभर टक्के सत्य होते.

"दुपार होईल दुरुस्तीला," इस्माईलभाई म्हणाले. "उन्हात बसून काय करतेस? तोवर आत बस जाऊन. पेपर सोडवायचा का न्हाई, तुझी मर्जी."

घंटा झाली. तिने बॉनेटकडे पाहिले, इमारतीकडे पाहिले, पॅड छातीशी धरले आणि धावतच आत गेली! फाटक बंद झाले.

इस्माईलभाईंनी कुडत्याच्या खिशातून डिस्ट्रिब्युटरमधला, ठिणगी प्लगपर्यंत पोहोचवणारा रोटर काढला, रुमालाने पुसला आणि मला विचारले, "माधवराव, चहा घ्यायचा का?"

त्या दिवसापासून शबाना घरात झोपू लागली.