पुन्हा खोललेला हापसा

माझा आवाज मोठा आहे आणि डोकं लवकर तापतं. वडील देवळाली कॅम्पात फौजेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. लोखंडावर घण पडत असताना बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं, आणि ती सवय त्यांनी घरी आणली. पुढे मीही फिटरच झालो. बहात्तरच्या दुष्काळानंतर जिल्ह्यात जागोजागी बोअर पाडले, त्यांवर हापसे बसवले, आणि ते हापसे मोडायला लागल्यावर सरकारला आमच्यासारख्यांची गरज पडली. माझ्या वाट्याला नांदगावकडचा कोरडा भाग आला. एक जीप, तीन मदतनीस आणि गावोगावचे अर्ज.

अर्ज आल्यापासून आम्ही पोचेपर्यंत कधी महिना जायचा, कधी दोन. तोवर गावातल्या बाया नदीच्या वाळूत झरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. गावात उतरलं की आधी बोलणी खायची, मग सरपंचाकडचा चहा प्यायचा, मग काम करायचं, असा माझा क्रम ठरून गेला होता. चहा चांगला असला की बोलणी विसरायला होत.

ऐंशीच्या पुढे कधीतरी वरून फतवा आला: प्रत्येक गावातल्या एका बाईला हापसा दुरुस्तीचं शिक्षण द्यायचं. मी साफ विरोधात होतो. "बायांनी पाने धरायचे आणि आम्ही काय भाकऱ्या थापायच्या?" असं मी ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणालो. कुणीतरी हसलं, त्यामुळे मला ते फार मार्मिक वाटलं. आज आठवलं की कान गरम होतात.

गावांनी नावं कशी पाठवली तेही सांगायला हवं. फॉर्मवर बाईचं नाव हवं होतं आणि जातीचा रकाना होता. एका गावच्या सरपंचानं बौद्ध वस्तीतल्या एका मजूर बाईचं नाव लिहून टाकलं. कागद दोन्ही बाजूंनी चांगला दिसला. ती तालुक्याला जाईल, पाच दिवस बसेल, अंगठा देईल, परत येईल आणि प्रकरण फायलीत मिटेल, असा त्याचा अंदाज. ही बाई खरंच शिकून आली तर काय, हा विचार त्याच्या डोक्यातच आला नाही.

कारण त्या गावात वस्तीतल्या बायांना हापशाचा दांडा धरू देत नसत. त्यांनी आपले हंडे ओट्याच्या खाली, लांब मांडून ठेवायचे आणि बाजूला उभं राहायचं. गावातल्या एखाद्या बाईला सवड झाली, मन झालं, की ती हापसून त्यांचे हंडे भरायची. मग त्यांनी पुढे होऊन उचलायचे. ओट्यामागच्या भिंतीवर सरकारी पिवळ्या रंगात लिहिलेलं होतं, 'हा पाणवठा सर्वांसाठी खुला आहे.' त्या भिंतीला टेकून मी कितीदा तरी चहा प्यालो होतो. हंडे मला दिसायचे, पण मी हापशाचा माणूस, हंड्यांशी मला काय करायचंय, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

ती बाई शिकायला आली. पस्तिशीची असेल, अंगानं काटक, कासोटा घातलेली. ऑफिसच्या अंगणात आमचा सरावाचा हापसा होता. पहिल्या दिवशी मी म्हटलं, एकेकीनं येऊन हापसून दाखवा. सगळ्या आल्या, ही उभीच.

मी ओरडलो, "तुम्हाला काय वेगळं आमंत्रण पाहिजे?"

"आमाला धरू देत नाय, साहेब," ती म्हणाली. तक्रार नव्हती, नुसती माहिती होती.

"इथं कोण अडवतंय? धरा."

तिनं दांडा धरला आणि हापसायला लागली. भांडं भरलं, वाहिलं, अंगणात चिखल झाला, बाकीच्या हसायला लागल्या, तरी हिचा हात थांबेना. शेवटी मी पुन्हा ओरडलो तेव्हा थांबली. चेहरा घामानं भिजलेला आणि हसू इतकं मोठं, की मी पुढचं ओरडायचं विसरलो.

तिला अक्षर येत नव्हतं. पान्यांवरचे आकडे ती बोटांनी चाचपून ओळखायची. तिसऱ्या दिवशी पाइपाला कान लावून तिनं सांगितलं, "सळई ठीक हाय, आतला वायसर गेला." मी खोलून पाहिलं, वायसरच गेला होता. मला हे कळायला दोन वर्षं लागली होती. मी तिचं कौतुक केलं नाही, फक्त पुढच्या दोन दिवसांत तिच्यावर ओरडलो नाही. माझ्या हिशोबानं ते कौतुकच होतं.

शिक्षण संपल्यावर हत्यारांची पिशवी दिली. गावात पोचल्याबरोबर सरपंचानं ती 'जपून ठेवतो' म्हणून ग्रामपंचायतीच्या कपाटात कुलपात घातली.

मे महिन्यात तिच्या गावचा तोच हापसा बंद पडला. सरपंचाचा माणूस एसटीनं तालुक्याला आला. माझा एक मदतनीस लग्नाला गेलेला, दोघे उन्हानं आडवे पडलेले. मी ड्रायव्हरला घेऊन एकटाच जीपनं गेलो. पोचलो तेव्हा सगळं गाव ओट्याभोवती जमलेलं. बोअरमधले पाइप एकट्यानं वर काढता येत नाहीत. मी सरपंचाला म्हणालो, "तुमच्याकडे शिकलेली बाई आहे. बोलवा तिला."

"तिला? हापशाला?" त्यानं इकडेतिकडे पाहिलं. पण बायांचे रिकामे हंडे त्याच्याकडेच तोंड करून होते. कपाट उघडलं, पिशवी निघाली.

ती वस्तीतल्या चार बाया घेऊन आली. ओट्याच्या खाली थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आबा, काम करते. पर माझ्या हातानं चालू झाला तर दांडाबी आमच्या हातानं मारू. हंडे ठेवून कुणाची वाट बघणार नाय."

"आधी पाणी तर येऊ दे," सरपंच म्हणाला. 'हो' म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही. गावगाड्यातला मुरलेला माणूस होता.

ती ओट्यावर चढली. मी सांगायचं म्हणून दोन-चार गोष्टी सांगितल्या, पण तिला गरज नव्हती. पाच बायांनी मिळून एकेक पाइप वर ओढला, शिकंज्यात धरला, सोडवला, शिस्तीत आडवा ठेवला. माझे तीन गडी एकमेकांना शिव्या देत हे काम करत. या बाया फक्त "धर", "सोड" एवढंच बोलत होत्या. मी कमरेवर हात ठेवून बघत राहिलो आणि मनातून फार सुखावलो, हे मान्य केलं पाहिजे.

गर्दीतून कुणीतरी म्हातारा पुटपुटला, की आता हापसा बाटला, पाणी कसं प्यायचं. तेवढ्यात तिनं खालच्या नळकांड्यातून झिजलेला वायसर काढला. तळहातावर घेऊन ती सरपंचासमोर गेली.

"आबा, हे कशाचं हाय?"

"कशाचं?"

"कातड्याचं. ढोराच्या कातड्याचं. हापसा बसला तवापासनं तुमचं पाणी ह्याच्यातनंच वर येतंय. आजवर नाय बाटलं?"

दोन-तीन बायांनी पदर तोंडाला लावला. मी इतकी वर्षं ते वायसर बदलत आलो होतो आणि ही गोष्ट मला कधी सुचली नव्हती.

नवा वायसर बसला, पाइप खाली गेले, वर हापशाचं डोकं बसवलं. एकच नट राहिला होता. तेव्हा सरपंचानं मला बाजूला घेतलं.

"साहेब, तेवढा शेवटचा नट तुम्ही आवळा. म्हणजे सरकारी माणसानं दुरुस्त केला असं होईल. लोक पाणी पितील, तंटा मिटेल. तुमचं काय जातंय?"

ऊन मी म्हणत होतं. अजून दोन गावं बाकी होती. मी विचार केला, एका नटानं काय होतं? लोक तहानलेत, सुटेल प्रश्न. मी ओट्यावर गेलो आणि हात पुढे केला. तिनं माझ्याकडे पाहिलं, पाना दिला. मी नट आवळला.

लगेच गर्दी सैल झाली. "साहेबांनी केला, साहेबांनी केला," असं म्हणत गावातल्या बाया हंडे घेऊन पुढे सरकल्या. वस्तीतल्या चौघी आपोआप ओट्याखाली उतरल्या. ते पाहिल्यावर मला समजलं मी काय केलं ते.

तिनं माझ्या हातातून पाना मागून घेतला. मी आवळलेला नट तिनं सैल केला, काढला, पदरात टाकला. मग दुसरा काढला. मग तिसरा. सरपंच ओरडला, "अगं ए, काय करतेस?" मागून शिव्या आल्या. तिनं खाली उतरलेल्या चौघींना हाक मारली. त्यांनी डोकं उचलून खाली ठेवलं. तिनं दांड्याची आतली साखळी फडक्यानं पुसली, पुन्हा ग्रीस लावलं, पुन्हा डोकं चढवलं आणि एकेक नट सावकाश आवळायला घेतला. एवढ्या गर्दीत तिला हाताला धरून थांबवायची सोय नव्हती, कारण तिच्याशिवाय तो हापसा जोडणारं गावात कुणी नव्हतं. एक मी होतो. सरपंच माझ्याकडे बघत होता. मी जागचा हललो नाही. मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की मान वर होत नव्हती.

शेवटचा नट आवळून तिनं पाना पिशवीत ठेवला आणि दांडा धरला. आधी गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ. तिनं आपला हंडा भरला. मग एकेक करून चौघी वर आल्या आणि प्रत्येकीनं आपला हंडा आपल्या हातानं हापसून भरला. त्यातल्या एकीला दांड्याचा अंदाज येईना, तिचे पहिले काही दांडे फुकट गेले.

गावातल्या बाया तशाच उभ्या होत्या. शेवटी एक म्हातारी कुरकुरली, "आता सरका की, का इथंच दिवस मावळवायचा?" आणि तिनं आपली घागर तोटीखाली लावली. मागे रांग लागली. काही घरं त्या दिवशी आलीच नाहीत. ती महिनाभर नदीतून पाणी आणत राहिली, आणि मग कंटाळून तीही आली.

पुढे माझे गडी अडले की मी त्या बाईलाच निरोप धाडायचो. आसपासच्या किती गावांचे हापसे तिनं चालू केले, ते तिलाच ठाऊक. माझ्या नोकरीत मी बरेच इंजिनियर पाहिले. तिच्याएवढं माझ्या मनात कुणी बसलं नाही.

एकदा बाजाराच्या दिवशी नांदगावला भेटली. चहा पिता पिता मी इतक्या वर्षांचं विचारून टाकलं, "त्या दिवशी मला पाना दिलात कशाला? नाही म्हणायचं होतं. नाहीतर मला चार शब्द सुनवायचे होते. सगळं पुन्हा खोलत बसलात त्या उन्हात."

तिनं बशीतला चहा संपवला.

"तुमाला बोलून काय करू, साहेब? तुमी जीपमधी बसून जाणार व्हता. त्यो नट मला रोज बघावा लागला असता."